मुलांना बोलू द्या



आज आपल्याशी मुलांच्या मंडळाविषयी बोलायचे आहे. मुलांच्या म्हणजे तेरा-चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या. हे वय मोठे अवघड असते. काम सांगताना आपण म्हणतो, "आता तू मोठा झालास." त्याने तोंड उघडले की म्हणतो, "गप बस, तुला काय समजते?" म्हणजे कामाला मोठा आणि बोलायला लहान. असे चारपाच वर्षे चालले की मुलगा गप्प बसायला शिकतो. पुढे तो मोठा झाला तरी गप्पच राहतो. मग आपणच म्हणतो, "गावात पुढे होऊन बोलणारा कोणी राहिला नाही."

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. मुले वाचायला शिकली की आमचे काम झाले, असे आम्हांला वाटे. ते खरे नव्हते. हे आम्हांला कसे कळले, ते आधी सांगतो.

२०१७ सालची गोष्ट आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला ते वर्ष विसरता येणार नाही. त्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. किडीसाठी फवारण्यांवर फवारण्या झाल्या. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून मारली गेली. वाफसा धरलेल्या दमट वावरात, उंच पऱ्हाटीत, फवारा माणसाच्या तोंडावर यायचा. जिल्ह्यात शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास माणसे दगावली. कोणाची दृष्टी अधू झाली. पंप पाठीवर घेऊन वावरात गेलेला माणूस बाजेवर घालून आणावा लागला, असे गावोगाव झाले.

आमच्या शेजारच्या घरातला एक माणूस असाच आजारी पडला. बरेच दिवस तो दवाखान्यात होता. जीव वाचला, पण अंगातली ताकद गेली. त्याचा पुतण्या सोळा वर्षांचा. आमच्याच हाताखाली शिकलेला. वाचन चांगले, अक्षर मोत्यासारखे. काकाला पाणी भरून द्यायला तो त्या दिवशी वावरात होता. आम्ही त्याला विचारले, "बाळ, डब्यावर काय लिहिले होते, तू वाचले होते का?"

"हाव, गुरुजी. लाल रंग होता. खोपडीचं चित्र होतं. तोंडाले फडकं बांधा, हातमोजे घाला, असं लिहिलं होतं."

"मग काकाला सांगितले का नाहीस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मी लहान हावो, गुरुजी. माह्यं कोन आयकते?"

मंडळी, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. मुलाला वाचता येत होते. वाचलेले समजतही होते. पण समजलेले मोठ्या माणसापुढे सांगायचे बळ त्याच्यात नव्हते. ते बळ आम्ही त्याला कधी दिलेच नव्हते. शाळेत आम्ही बोलायचो आणि मुले ऐकायची. घरी बाप बोलायचा आणि मुले ऐकायची. बोलायला त्यांना जागाच नव्हती. दोष त्या पोराचा नव्हता. आमचा होता, आणि आपल्या सर्वांचा होता.

मग गावातल्या चार जाणत्या माणसांनी आणि आम्ही मिळून मुलांचे मंडळ काढायचे ठरवले. पहिल्या दिवशी चौदा मुले आली. मुली आल्या नाहीत. आम्ही घरोघर गेलो. एक आई म्हणाली, "गुरुजी, रातची सभा असन तर मी पोरीले कशी पाठवू?" तिचे म्हणणे बरोबर होते. आम्ही वेळ बदलली. रविवारी दुपारी चार ते पाच, शाळेच्या व्हरांड्यात, उजेडात. एक बाई शेजारी बसायला तयार झाल्या. पुढच्या खेपेला सहा मुली आल्या.

पण आमची खोड गेली नव्हती. आम्ही खुर्चीवर बसायचो आणि तासभर बोलायचो. स्वच्छता, शिस्त, व्यसन, सगळ्या विषयांवर बोललो. मुले माना डोलवायची. दोन महिन्यांनी मुले निम्मी झाली. आम्ही रागावलो. तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, शाळेतबी तुमीच बोलता आन् इथंबी तुमीच बोलता. मंग मंडळ कशाचं?"

पोर खरे बोलली होती. आम्ही खुर्ची बाजूला केली. सतरंजीवर, मुलांच्या मागे जाऊन बसलो. मंडळ खरे त्या दिवशी सुरू झाले.

आता मंडळ कसे चालवले ते सांगतो. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या गावात मंडळ निघते आणि सहा महिन्यांत मोडते.

पहिली गोष्ट बसण्याची. सगळे गोल बसतात. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. गोलात एक खंजिरी फिरते. खंजिरी का, ते आपल्या भागात सांगायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी झाला. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. पण हातात खंजिरी घेऊन ते उभे राहिले की हजारो माणसे ऐकत. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. १९५५ साली ग्रामगीता लिहिली. गावाने आपले भले आपण कसे करावे, हे त्यांनी गावच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले. बोलण्याला पदवी लागत नाही, हे आपल्याला त्यांच्याकडून शिकता येते. म्हणून आमच्या मंडळात ज्याच्या हाती खंजिरी, त्याने बोलायचे. बाकीच्यांनी ऐकायचे. वेळ दोन मिनिटे.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. खंजिरी हाती आली की आधी मागचा काय बोलला ते सांगायचे. "हा म्हणाला की नळाजवळ चिखल होतो." मागच्याने मान हलवली, म्हणजे बरोबर ऐकले. मग आपले म्हणणे मांडायचे. सुरुवातीला मुलांची फार फजिती झाली. कोणीच कोणाचे ऐकत नव्हते. प्रत्येक जण आपण काय बोलायचे तेच मनात घोकत होता. मोठ्यांच्या सभेतही असेच होते, नाही का? महिनाभरात मुलांच्या कानांना वळण लागले. भांडणेही कमी झाली. कारण अर्धी भांडणे न ऐकल्यामुळेच होतात.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या जिल्ह्यात मराठीबरोबर बंजारा, गोंडी आणि कोलामी बोलणारी घरे आहेत. पोडावरचे कोलामाचे पोर मराठीत चुकले की बाकीचे हसतात. मग ते पुन्हा तोंड उघडत नाही. आम्ही नियम केला की हसणाऱ्याने सतरंजी झाडायची. आणि ज्याला मराठी जड जाते, त्याने आधी आपल्या बोलीत सांगायचे. सोबत्याने ते मराठीत सांगायचे. पुसद तालुक्यातल्या गहुली गावी बंजारा घरात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तांड्यावरच्या मुलाने राज्य चालवले. तेव्हा घरची बोली वेगळी आहे म्हणून कोणा मुलाला कमी समजू नये.

चौथी गोष्ट पदांची. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ही पदे आमच्या मंडळात तीन महिन्यांनी बदलतात. पाटलाचा मुलगा कायमचा अध्यक्ष, असे नाही. मुलगी फक्त रांगोळीला, असेही नाही. ज्याला सगळे बुजरा म्हणतात, त्याचीही पाळी येते. पाळी आली की तो शिकतो.

पाचवी गोष्ट वह्यांची. एक प्रोसिडिंगची वही आणि एक जमाखर्चाची. काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत करणार, या तीन गोष्टी पहिल्या वहीत. पुढच्या सभेत ती आधी वाचायची. पैसे थोडेच असतात, पण हिशेब पुरा पाहिजे. एकदा हिशेबात चाळीस रुपये कमी आले. खजिनदार मुलगा रडकुंडीला आला. आम्ही मध्ये पडणार होतो, पण थांबलो. मुलांनीच वही पाहिली. सतरंजी शिवून आणल्याचे पैसे लिहायचे राहिले होते. त्या दिवसापासून खर्च झाला की तिथल्या तिथे लिहायचा, असे त्यांनी ठरवले. आम्ही शंभर वेळा सांगितले असते तरी ते इतके पक्के शिकले नसते.

आता कामाविषयी. नुसत्या बोलण्याने मंडळ टिकत नाही. एका वेळी एकच काम घ्यावे आणि ते पुरे करावे. पहिले काम कोणते घ्यायचे, यावर मुलांनी दोन रविवार चर्चा केली. शेवटी तो पुतण्याच बोलला. हातातली खंजिरी थरथरत होती. तो म्हणाला, "आपण औषधाच्या डब्यावरचं वाचू. समद्यायले वाचून दाखवू."

मुलांनी ते काम उचलले. कृषी सहायकांना बोलावून नीट समजून घेतले. आपणही ते लक्षात ठेवावे म्हणून येथे सांगतो. प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे त्याहून सौम्य. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. विष ते विषच.

फवारताना वारा पाठीकडून असावा. अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला फडके, डोळ्यांना चष्मा असावा. मनाने दोन औषधे मिसळू नयेत. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. मध्येच तंबाखू मळू नये, बिडी ओढू नये. डोळ्यांपुढे धूसर झाले, मळमळले, चक्कर आली, तर काम तिथेच सोडावे. कपडे बदलावे, साबणाने अंग धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. जाताना औषधाचा डबा बरोबर न्यावा. कोणते विष आहे ते डॉक्टरांना कळले की उपाय लवकर होतो. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या पाठीवर फवारणीचा पंप देऊच नये.

हे मुलांना पाठ झाले. आता मोठ्यांना सांगायचे कसे? इथे खरी परीक्षा होती. एक मुलगा पहिल्याच दिवशी धुऱ्यावर जाऊन म्हणाला, "तुम्हाले काही समजत नाही. हे विष हाय." शेतकऱ्याने त्याला हाकलून दिले. मुलगा रागाने परत आला. रविवारी गोलात चर्चा झाली. एक मुलगी म्हणाली, "माह्या बापाले कोनी असं म्हटलं असतं, तर मलेबी राग आला असता." मग मुलांनी बोलण्याची रीत ठरवली. आधी नमस्कार करायचा. मग विचारायचे, "काका, डब्यावर काय लिहिलं हाय ते वाचून दाखवू का?" काका हो म्हणाले तर वाचायचे. कामात असतील तर संध्याकाळी यायचे. उपदेश करायचा नाही. आपण शहाणे, असे दाखवायचे नाही.

या रीतीने पुष्कळ काम झाले. सगळ्यांनी ऐकले असे आम्ही म्हणणार नाही. काही जण आजही उघड्या अंगाने फवारतात. पण तोंडाला फडके बांधणारे वाढले. रिकाम्या डब्यात पाणी आणणे काही घरांतून बंद झाले. बायांनी आपल्या माणसांच्या मागे लागून हातमोजे आणवले.

पुढे ग्रामसभेत सरपंचांनी मंडळाला बोलायला पाच मिनिटे दिली. मुलांना तिथे मत नसते, पण सांगायला काय हरकत आहे? तो पुतण्या उभा राहिला. समोर त्याचा काका बसला होता. मुलगा म्हणाला, "त्या दिवशी मी वाचलं होतं, पण बोललो नाही. आता कोनाच्याबी वावरात मी बोलनार हावो." एवढेच बोलून तो खाली बसला. काकाने पदराआड नव्हे, सर्वांसमोर डोळे पुसले.

मंडळी, पुढारी कोणाला म्हणावे? पुढे चालतो तो पुढारी. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. लोकनायक बापूजी अणे वणीचे. १९३० साली इंग्रज सरकारच्या जंगल कायद्याविरुद्ध पुसद भागात सत्याग्रह झाला. बापूजींनी लोकांना "तुम्ही गवत कापा" असे सांगून घरी बसणे पसंत केले नाही. त्यांनी आधी स्वतः गवत कापले आणि तुरुंगात गेले. मग लोक मागे आले. आमच्या मुलांनाही हेच सांगितले आहे. आधी आपल्या घरचा डबा वाचा, मग दुसऱ्याच्या वावरात जा.

ही गोष्ट आपल्याच देशातली आहे असे नाही. अमेरिकेत ओहायो नावाचे राज्य आहे. तिथे १९०२ साली ग्रॅहॅम नावाच्या एका शाळा-अधिकाऱ्याने खेड्यातल्या मुलामुलींचा शेतीचा क्लब काढला. मुलांनी मका लावला, भाजी लावली, मातीची तपासणी केली. अशा क्लबांत मुलांनी नव्या रीतीने पीक काढून दाखवले, की मोठेही ती रीत उचलू लागले. अशा क्लबांतूनच पुढे फोर-एच ही मोठी चळवळ उभी राहिली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य, ही तिची चार अंगे. आपल्याकडे १९४१ साली राष्ट्र सेवा दल निघाले. खेळ, श्रमदान आणि कलापथक यांतून त्याने मुले घडवली. नटवर्य निळू फुले सेवा दलाच्या कलापथकातूनच पुढे आले. १९७२ साली सरकारने नेहरू युवा केंद्रे सुरू केली. त्यांनी गावोगावच्या युवक मंडळांना हात दिला. म्हणजे वाट जुनी आहे. आपण फक्त तिच्यावरून चालायचे आहे.

आता काही जण म्हणतील, "मंडळाने पोरं राजकारणात पडतात." पडतात, जर मंडळाची पावती कोणा बाहेरच्याच्या हाती असेल तर. फलकावर त्याचे नाव, मिरवणुकीला त्याचा पैसा, मग मुले त्याच्या मागे घोषणा देत फिरणारच. ते मंडळ नव्हे. म्हणून आमच्या मंडळाचा नियम आहे की पैसा थोडा, पण आपला.

काही जण म्हणतील, "मुलीला बोलायला शिकवून काय करायचे?" त्यांना आम्ही एक हिशेब सांगतो. अठराव्या वर्षी मत देता येते. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभे राहता येते. महाराष्ट्रात २०११ सालापासून पंचायतीतल्या अर्ध्या जागा बायांसाठी राखीव आहेत. आज तुमच्या घरी चौदा वर्षांची मुलगी असेल, तर सात वर्षांनी ती सरपंच होऊ शकते. तेव्हा ती खुर्चीवर बसेल आणि बोलेल मात्र तिचा नवरा, असे तुम्हांला पाहायचे आहे काय? नसेल, तर तिला आजच बोलू द्या.

शेवटी तुम्हांला एक विनंती. तुम्ही नुकतेच लिहा-वाचायला शिकला आहात. पहिल्यांदा सर्वांसमोर वाचताना आवाज कसा कापतो, ते तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? कोणी हसले तर कसे वाटते, तेही ठाऊक आहे. तुमच्या मुलाचेही तसेच असते. म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करा. जेवताना मुलाला किंवा मुलीला विचारा, "आपल्या गावात काय सुधारावे, तुला काय वाटते?" आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. मग गावातली दहा-बारा मुले जमवा. सतरंजी द्या, एक वही द्या आणि आपण मागे बसा.

मुले चुकतील. त्यांना सुधारू द्या. एखादे दिवशी तुमचेच पोर तुम्हांला म्हणेल, "बाबा, थांबा. आधी हे वाचतो." त्या दिवशी रागावू नका. थांबा आणि ऐका. त्याने तुमचा जीवही वाचेल.